न घडलेल्या ५७ हर्ट्झची नोंद

१६ ऑगस्ट २०१६ रोजी सकाळी १०:३६ वाजता दक्षिण कॅलिफोर्नियातल्या कहोन खिंडीत वणवा पेटला. पुढे तो ‘ब्लू कट फायर’ म्हणून ओळखला गेला. या खिंडीतून सदर्न कॅलिफोर्निया एडिसन कंपनीच्या ५०० किलोव्होल्टच्या तीन आणि लॉस एंजेलिसच्या जल व वीज विभागाच्या २८७ किलोव्होल्टच्या दोन लाइन जातात. दाट धूर आणि तापलेली हवा यांमुळे तारांमधलं हवेचं इन्सुलेशन दुबळं होतं आणि ठिणगी एका तारेवरून दुसरीवर उडी मारते. दिवस संपेपर्यंत ५०० किलोव्होल्टच्या लाइनवर १३ आणि २८७ किलोव्होल्टच्या लाइनवर २ फॉल्ट (असे विद्युत बिघाड) झाले. पारेषणात काम करणाऱ्याला यात नवल वाटत नाही. रिले हे संरक्षण-उपकरण फॉल्ट ओळखतं, ब्रेकर हा लाइन तोडणारा स्विच उघडतो, ठिणगी विझते, लाइन पुन्हा चालू होते.

त्या दिवशी हे सगळं तसंच घडलं. ११:४५ वाजता ५०० किलोव्होल्टच्या एका लाइनवर दोन फेजमध्ये (लाइनच्या तीन तारांपैकी दोन तारांमध्ये) फॉल्ट झाला आणि सुमारे अडीच आवर्तनांत, म्हणजे ४१.७ मिलिसेकंदांत, तो तोडला गेला. संरक्षण यंत्रणेला पूर्ण गुण द्यावेत असं हे काम. पण त्याच क्षणी ग्रिडवरून जवळजवळ १,२०० मेगावॅट सौर वीज गायब झाली. फॉल्टमुळे एकाही सौर प्रकल्पाचा ग्रिडशी असलेला जोड तुटला नव्हता. वीज वाहून न्यायला वाट मोकळी होती, ऊन भरपूर होतं, तरी इन्व्हर्टर, म्हणजे सौर पॅनेलची डीसी वीज ग्रिडच्या एसी विजेत बदलणारी यंत्रं, आपणहून थांबले होते.

नॉर्थ अमेरिकन इलेक्ट्रिक रिलायबिलिटी कॉर्पोरेशन (नर्क) आणि पश्चिम ग्रिडची समन्वय संस्था वेक यांनी मिळून तपास केला. अहवाल जून २०१७ मध्ये आला. विजेच्या तरंगांची नोंद करणारी उपकरणं नक्की काय पाहतात आणि काय पाहत नाहीत, हे समजून घ्यायला माझ्या मते याहून चांगलं प्रकरण नाही. म्हणून हा अभ्यास फॉल्टपेक्षा त्याच्या नोंदींकडे जास्त पाहतो.

एकाच घटनेच्या चार नोंदी

पहिली नोंद नियंत्रण कक्षातली, स्काडा या देखरेख करणाऱ्या संगणक प्रणालीची. स्काडा दर काही सेकंदांनी आकडे गोळा करते. तिच्या दृष्टीने फॉल्ट झालाच नाही. एका वाचनात सौर उत्पादन भरपूर होतं, पुढच्यात ते हजाराहून जास्त मेगावॅटने कमी झालं. ‘किती’ ते कळलं, ‘का’ ते कळण्याची शक्यताच नव्हती.

दुसरी नोंद फेझर मापन यंत्रांची, म्हणजे पीएमयूची. व्हर्जिनिया टेक विद्यापीठात अरुण फडके आणि जेम्स थॉर्प यांच्या गटाने १९८८ मध्ये याचा पहिला नमुना तयार केला. हे यंत्र तरंगाचे नमुने घेतं, त्यांतून व्होल्टेजचं मूल्य, कोन आणि फ्रिक्वेन्सी काढतं आणि उपग्रहाच्या घड्याळाचा शिक्का मारून सेकंदाला ३० किंवा ६० वेळा पाठवतं. या घटनेत फ्रिक्वेन्सी सर्वांत खाली गेली ती ५९.८६७ हर्ट्झपर्यंत. ६० हर्ट्झच्या ग्रिडवर एवढं उत्पादन एकदम गेल्यावर इतकी घसरण होणारच. गंभीर आहे, पण आटोक्यातली आहे.

तिसरी नोंद सबस्टेशनमधले फॉल्ट रेकॉर्डर आणि रिले यांची. इथे आकडा नसून प्रत्यक्ष तरंग असतो: तिन्ही फेजचं व्होल्टेज आणि करंट, नमुन्यामागून नमुना. ही फाइल सहसा कॉमट्रेड स्वरूपात असते. एका फाइलमध्ये चॅनेलची माहिती, दुसरीत नमुने. १९९१ साली हे स्वरूप प्रमाणित झालं आणि वेगवेगळ्या कंपन्यांच्या उपकरणांतल्या नोंदी एकाच पडद्यावर एकमेकींखाली ठेवून पाहता येऊ लागल्या.

चौथी नोंद इन्व्हर्टरची स्वतःची. ती म्हणजे एक कोड. सुमारे ७०० मेगावॅट बंद पडण्यामागे इन्व्हर्टरनी दिलेलं कारण एकच होतं: फ्रिक्वेन्सी ५७ हर्ट्झच्या खाली गेली.

पश्चिम अमेरिकेच्या ग्रिडवर ५७ हर्ट्झ! शेकडो टनांची फिरती जनित्रं ज्या ग्रिडला बांधलेली आहेत, त्याची फ्रिक्वेन्सी ४२ मिलिसेकंदांत ३ हर्ट्झने पडणं शक्य नाही. एवढं जडत्व एवढ्या वेळात मंद होत नाही. आणि ग्रिडवरच्या दुसऱ्या कोणत्याही मीटरने तशी फ्रिक्वेन्सी पाहिलेली नव्हती. अशा वेळी इन्व्हर्टर बिघडलेत असं म्हणण्याचा मोह होतो. पण अनेक प्रकल्पांतली यंत्रं एकाच क्षणी एकाच प्रकारे बिघडत नाहीत.

५७ आला कुठून

फ्रिक्वेन्सी तारेवर कुठे लिहिलेली नसते. तारेवर असतं ते फक्त क्षणाक्षणाला बदलणारं व्होल्टेज. फ्रिक्वेन्सी हा त्यातून काढलेला निष्कर्ष आहे आणि तो काढायला थोडा वेळ तरंग पाहावा लागतो. किती वेळ पाहायचा, कोणत्या फेजकडे पाहायचं, विकृती आली तर काय करायचं, हे उपकरण बनवणारा ठरवतो.

सर्वांत साधी पद्धत शून्यछेदाची: तरंग शून्यातून वर गेला तो क्षण टिपा, पुन्हा वर गेला तो क्षण टिपा, मधला काळ म्हणजे एक आवर्तन. ६० हर्ट्झला हा काळ १६.६७ मिलिसेकंद, ५७ हर्ट्झला १७.५४. फरक ०.८८ मिलिसेकंदाचा, म्हणजे कोनाच्या भाषेत सुमारे १९ अंश. मोजमाप अर्ध्या आवर्तनावर केलं तर ९.५ अंश पुरतात. म्हणजे तरंगाची फ्रिक्वेन्सी जराही न बदलता तो एकदाच १९ अंश मागे सरकला, तर एका आवर्तनावर मोजणारं यंत्र प्रामाणिकपणे सांगेल की ५७ हर्ट्झ झाले.

आता दोन फेजमधल्या फॉल्टकडे पाहू. ए आणि बी या फेज एकमेकींना भिडल्या की दोघींचं व्होल्टेज एकच होतं. नेहमी ए ० अंशावर आणि बी वजा १२० अंशावर असते. ठिणगीला काही रोध नाही असं धरलं, तर फॉल्टच्या जागी दोघी मधोमध, वजा ६० अंशावर येऊन भेटतात आणि त्यांची उंची निम्मी होते. म्हणजे ए फेज ६० अंश मागे पडते, बी फेज ६० अंश पुढे येते आणि सी जिथल्या तिथे राहते. फॉल्टपासून दूर जावं तसं हे सरकणं कमी होतं, वाटेतल्या स्टार-डेल्टा ट्रान्सफॉर्मरमध्ये त्याचं रूप बदलतं. तरी १९ अंश ओलांडायला फार जवळ असण्याची गरज नाही. शिवाय फॉल्टच्या सुरुवातीला आणि तो तुटताना व्होल्टेजमध्ये उच्च फ्रिक्वेन्सीची आंदोलनं येतात. त्यांच्यामुळे शून्यछेद आणखी इकडेतिकडे होतात, काही वेळा एकाच्या जागी दोन-तीन दिसतात.

मग पीएमयू का फसले नाहीत? त्यांचं चतुराईपेक्षा स्वभावामुळे निभावलं. ते एकापेक्षा जास्त आवर्तनांची खिडकी घेतात आणि बरेचदा तिन्ही फेज मिळून बनणाऱ्या धन-क्रम घटकावरून फ्रिक्वेन्सी काढतात. वरच्या उदाहरणात हा घटक मांडला तर ए चं मागे जाणं आणि बी चं पुढे येणं एकमेकांना खाऊन टाकतात: त्याची उंची निम्मी होते, कोन तोच राहतो. कोन हलला नाही म्हणजे फ्रिक्वेन्सीही हलली नाही. (फॉल्टच्या क्षणी पीएमयूच्या फ्रिक्वेन्सी आलेखातही पुष्कळदा टोकदार काटे येतात. ते पाहण्याची ज्यांना सवय आहे ते लोक त्यांच्याकडे दुर्लक्ष करतात. ही सवय इन्व्हर्टरला कुणी लावली नव्हती.)

खरा दोष त्यापुढचा आहे. मोजलेला आकडा घाईचा होता हे एक, पण त्यावर कृतीही तितक्याच घाईने झाली. जनित्रांनी कोणत्या फ्रिक्वेन्सीपर्यंत आणि किती वेळ तग धरायचा, याचा एक आलेख नर्कच्या पीआरसी-०२४ या मानकात होता. पश्चिम ग्रिडसाठी ५७ हर्ट्झच्या खाली तग धरण्याची वेळ शून्य. मानकाचा अर्थ इतकाच की या रेषेच्या आत असताना ट्रिप व्हायचं, म्हणजे बंद पडायचं, नाही. उद्योगातल्या अनेकांनी तो असा वाचला की रेषेच्या बाहेर गेलं की लगेच ट्रिप व्हायचं. जिथे ‘चालेल’ होतं तिथे ‘पाहिजे’ वाचलं गेलं आणि सेटिंग तशीच भरली गेली.

उरलेल्या वीजेची गोष्ट वेगळी आणि सोपी आहे. सुमारे ४५० मेगावॅट गेले ते व्होल्टेज ०.९ पर युनिटच्या, म्हणजे नेहमीच्या ९० टक्क्यांच्या, खाली गेल्यावर इन्व्हर्टरनी क्षणभर करंट देणं थांबवल्यामुळे. ही चूक नव्हती, ते तसेच बनवलेले होते. ते शोधायला साधी आरएमएस (आवर्तनभराच्या सरासरीची) नोंदही पुरते. आणखी सुमारे १०० मेगावॅट डीसी बाजूच्या अतिकरंट संरक्षणाने बंद झाले. जे इन्व्हर्टर ट्रिप झाले ते साधारण पाच मिनिटांच्या ठरलेल्या विश्रांतीनंतर परतले.

तरंग कुठे होता, नोंद कुठे होती

तपासाची अडचण कळण्यासाठी थोडं मागे जायला हवं. १८८० मध्ये झुल जुबेर यांनी प्रत्यावर्ती व्होल्टेजचा तरंग काढायची युक्ती शोधली: जनित्राच्या दांड्यावर एक संपर्क बसवायचा, प्रत्येक फेऱ्यात तो त्याच कोनावर क्षणभर जुळतो, तेवढ्या बिंदूचं व्होल्टेज मोजायचं, मग कोन थोडा सरकवून पुढचा बिंदू. असे बिंदू जोडले की तरंग मिळतो. पण त्यासाठी तरंगाने पुन्हा पुन्हा तसंच यायला हवं. एकदाच येऊन जाणाऱ्या घटनेला ही पद्धत आंधळी आहे. १८९३ मध्ये आंद्रे ब्लोंदेल यांनी ऑसिलोग्राफ मांडला आणि १८९७ मध्ये विल्यम डडेल यांनी तो प्रत्यक्ष वापरण्याजोगा केला. चुंबकीय क्षेत्रातल्या ताणलेल्या तारांवर चिकटवलेला इवलासा आरसा, त्यावरून परावर्तित होणारी प्रकाशरेषा आणि सरकता फोटोचा कागद. आता एकदाच घडणारी गोष्टही कागदावर उमटू लागली.

अट एकच: ती घडत असताना कागद सरकत असायला हवा. सबस्टेशनमधली स्वयंचलित ऑसिलोग्राफ यंत्रं फॉल्ट दिसल्यावर सुरू होत आणि वेग घेईपर्यंत पहिला, म्हणजे सर्वांत महत्त्वाचा भाग निघून जाई. डिजिटल रेकॉर्डरने ही अडचण मुळापासून सोडवली. तो सतत नमुने घेऊन गोल फिरणाऱ्या स्मृतीत टाकतो आणि ट्रिगर येताच मागचाही तुकडा जपून ठेवतो. फॉल्टच्या आधीची आवर्तनं मिळणं ही आज इतकी सवयीची गोष्ट झाली आहे की तिचं मोल आपल्याला जाणवत नाही.

पण ट्रिगर ही गोम शिल्लक राहतेच. रेकॉर्डर काय जपणार हे आधी ठरवलेल्या अटींवर अवलंबून असतं: व्होल्टेज इतकं पडलं, करंट इतका चढला, रिले चालला. ब्लू कटच्या वेळी ५०० किलोव्होल्टच्या सबस्टेशनमध्ये अटी पूर्ण झाल्या आणि नोंदी मिळाल्या. प्रश्न मात्र दुसऱ्या टोकाचा होता: अनेक ट्रान्सफॉर्मर ओलांडून, प्रकल्पाच्या आतल्या केबलच्या जाळ्याच्या शेवटी, इन्व्हर्टरच्या टर्मिनलवर तरंग कसा दिसत होता?

तिथे रेकॉर्डर ठेवण्याची सक्ती नव्हती. त्या काळच्या पीआरसी-००२ मानकाने अखंड गतिमान नोंदीसाठी जनित्रं निवडली ती एकेका यंत्राच्या आकारावरून: ५०० एमव्हीए (मेगाव्होल्ट-अँपिअर, यंत्राच्या क्षमतेचं माप) किंवा त्याहून मोठं यंत्र, अथवा १,००० एमव्हीएच्या केंद्रातलं किमान ३०० एमव्हीएचं यंत्र. औष्णिक केंद्राला हा नियम चपखल बसतो. सौर प्रकल्पात एक इन्व्हर्टर फार तर काही एमव्हीएचा, असे शेकडो. शंभर छोट्या यंत्रांनी एकाच सेटिंगवर एकदम पाठ फिरवली तर परिणाम मोठं जनित्र जाण्याइतकाच होतो, हे आकाराच्या नियमात कुठे बसणार?

याच मानकात फॉल्ट नोंदीसाठी किमान वेग सांगितला होता, आवर्तनाला १६ नमुने. म्हणजे दोन नमुन्यांत १.०४ मिलिसेकंदांचं अंतर. इन्व्हर्टरला फसवणारा वेळेचा फरक होता ०.८८ मिलिसेकंद. तरंग स्वच्छ असेल तर दोन नमुन्यांमधला शून्यछेद गणिताने काढता येतो, त्यात काही अडत नाही. पण तरंग वाकडातिकडा झालेला असताना, आणि तोच तर इथे मुद्दा आहे, दोन नमुन्यांमध्ये काय झालं याबद्दल ही नोंद मौन पाळते. १६ नमुन्यांच्या नोंदीत सिद्धांततः आठव्या हार्मोनिकच्या (मूळ फ्रिक्वेन्सीच्या आठपटीच्या) पलीकडचं काहीच येऊ शकत नाही. शिवाय इतक्या उच्च दाबावर रेकॉर्डरला व्होल्टेज मिळतं ते बहुधा कपॅसिटर जोडलेल्या व्होल्टेज ट्रान्सफॉर्मरमधून. झटपट बदल जसेच्या तसे पोचवणं हे त्याचं बलस्थान नाही. रेकॉर्डर कितीही महाग असला तरी त्याच्यासमोर येणारा तरंग आधीच गाळलेला असतो. उपकरण विकत घेताना हे कुणी विचारत नाही, सगळे नमुन्यांचा वेग तेवढा विचारतात.

मला या प्रकरणात सर्वांत चटका लावणारी गोष्ट वेगळीच वाटते. टर्मिनलवरचा तो तरंग बारकाईने पाहिलेलं एक यंत्र तिथे होतंच, खुद्द इन्व्हर्टर. त्याचं नियंत्रण चालण्यासाठीच तो व्होल्टेज आणि करंटचे नमुने सेकंदाला हजारो वेळा घेतो, सबस्टेशनच्या रेकॉर्डरपेक्षा कितीतरी दाट. ते नमुने वापरून त्याने ५७ चा निष्कर्ष काढला, कोड लिहिला आणि नमुने सोडून दिले.

त्यात घड्याळाचा घोळ. १४ ऑगस्ट २००३ च्या अमेरिका-कॅनडातल्या मोठ्या ब्लॅकआउटनंतर तपास करणाऱ्यांचा बराच वेळ वेगवेगळ्या रेकॉर्डरच्या न जुळणाऱ्या घड्याळांमुळे घटनांचा क्रम लावण्यात गेला होता. त्यातून धडा घेऊन पीआरसी-००२ ने रेकॉर्डरची वेळ जागतिक वेळेशी २ मिलिसेकंदांच्या आत बांधली. पण इन्व्हर्टरच्या नोंदवहीला हा नियम लागू नव्हता. ४२ मिलिसेकंदांच्या घटनेत सेकंदापुरता शिक्का असलेला कोड आधी कुठलं संरक्षण चाललं आणि नंतर कुठलं, हे सांगू शकत नाही.

उपाय, आणि पुढचा वणवा

म्हणून इथे उलट्या बाजूने जावं लागलं. कोडने सांगितलं ५७ च्या खाली, ग्रिडवरच्या नोंदींनी सांगितलं ५९.८६७. दोन्ही खरं मानायचं तर इन्व्हर्टर फ्रिक्वेन्सी कशी मोजतो हेच तपासायला हवं होतं. उत्पादकाच्या मदतीने ते स्पष्ट झालं: जवळजवळ तत्काळ मोजमाप आणि त्यावर विलंबाशिवाय ट्रिप. उपायही तिथेच होता. कमी फ्रिक्वेन्सीच्या ट्रिपला विलंब द्यायचा, म्हणजे विकृत तरंगाचा काळ उलटून जातो आणि खरी फ्रिक्वेन्सी दिसते. जून २०१७ मध्ये नर्कने याबाबत इशारा काढला आणि सेटिंग बदलू लागल्या.

९ ऑक्टोबर २०१७ ला दक्षिण कॅलिफोर्नियातच कॅनियन-२ वणव्यात पुन्हा तसेच फॉल्ट झाले, पुन्हा तीन आवर्तनांच्या आत तुटले आणि पुन्हा सुमारे ९०० मेगावॅट सौर वीज गेली. या वेळी खोट्या फ्रिक्वेन्सीमुळे काहीही ट्रिप झालं नाही. उपाय लागू पडला होता. या वेळचं एक मोठं कारण होतं व्होल्टेजचा उंचावा, तोही एका आवर्तनापेक्षा कमी काळाचा. फॉल्ट तुटताना येणारं टोक इन्व्हर्टरने मर्यादेपलीकडचं मानलं आणि तत्क्षणी हात काढून घेतला. आरएमएस नोंदीत हे टोक दिसत नाही, कारण ती आवर्तनभराची सरासरी असते. १६ नमुन्यांच्या तरंगातही ते सापडेलच असं नाही: एक तर ते दोन नमुन्यांच्या मध्ये येऊन जातं, नाहीतर आधीच्या फिल्टरमध्ये बुटकं होतं. मूळ दुखणं तेच होतं. ट्रिपचा निर्णय घेणारं यंत्र जेवढ्या बारीक काळात पाहत होतं, तेवढ्या बारीक काळात पाहणारी नोंद कुठेच नव्हती. नर्कची शिफारस दोन्ही अंगांनी आली: संरक्षणासाठी किमान एका आवर्तनाची खिडकी घेऊन गाळलेलं व्होल्टेज वापरा आणि प्रकल्पात प्रत्यक्ष तरंगाची नोंद ठेवा.

मे २०२१ मध्ये टेक्ससमधल्या ओडेसाजवळ एका फॉल्टनंतर पुन्हा हजाराहून जास्त मेगावॅट सौर वीज गेली. कारणांत या वेळी फेज-लॉक लूपचा, म्हणजे इन्व्हर्टर ज्याच्या आधारे ग्रिडचा कोन पकडून ठेवतो त्या गणिताचा, तोल जाणं आलं. हेही कोन एकदम सरकण्याशीच नातं सांगणारं.

इन्व्हर्टरवर चालणाऱ्या प्रकल्पांसाठी नंतर वेगळं मानक आलं, पीआरसी-०२८. त्यात तरंगाच्या नोंदीचा किमान वेग आवर्तनाला ६४ नमुने आहे, म्हणजे दोन नमुन्यांत ०.२६ मिलिसेकंद. ब्लू कटचा ०.८८ चा फरक यात तीन नमुन्यांवर उमटला असता. कॅनियन-२ मधल्या टोकांसारखी टोकं यात बऱ्याच अंशी सापडतील, सगळी नाहीत. प्रकल्पाच्या मुख्य जोडावर बसवलेला रेकॉर्डर आतल्या एखाद्या इन्व्हर्टरच्या टर्मिनलवर काय झालं हे थेट पाहत नाही. ते इन्व्हर्टरच्या स्वतःच्या स्मृतीतूनच काढावं लागतं. ती स्मृती पुढच्या घटनेने पुसली जाण्याआधी कुणीतरी उतरवून घ्यावी लागते.